किल्ली कोणाच्या कमरेला?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान पोहरादेवीला येऊन गेले. जगदंबेचे दर्शन झाले, संत सेवालाल महाराज व संत रामराव महाराज यांच्या समाध्यांपुढे माथा टेकवून झाला, नगारा वाजवून झाला आणि बंजारा विरासत संग्रहालयाच्या चार मजली इमारतीचे उद्घाटनही पार पडले. त्याच दौऱ्यात एक कळ दाबली गेली आणि पंतप्रधान किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता, म्हणजे सुमारे २०,००० कोटी रुपये, देशातील सुमारे ९.४ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांकडे रवाना झाला. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे सुमारे २,००० कोटी रुपये त्याच्या जोडीला होते. मानोरा तालुक्यातील कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातून दोन अधिक दोन असे चार हजार रुपये आले. ज्या हंगामात सोयाबीनला हमीभाव मिळण्याची मारामार होती, त्या हंगामात चार हजार रुपये ही थट्टा होती की मदत, हा वाद येथे बाजूला ठेवू. प्रश्न त्या कळीचा आहे.

व्यासपीठावरची कळ ही समारंभाची वस्तू असते. तिच्यामागे जी खरी कळ आहे ती कोणाला दिसत नाही, तिला हार घातले जात नाहीत, तिचे छायाचित्र छापून येत नाही. कोणत्या नावापुढे ‘पात्र’ असे उमटावे आणि कोणत्या नावापुढे ‘अपात्र’, हे तालुक्याच्या कचेरीत बसलेला कोणीतरी कर्मचारी आपल्या नावाचा लॉगिन आणि पासवर्ड वापरून ठरवीत असतो. तो पासवर्ड ज्याला ठाऊक, त्याच्या हाती सरकारी तिजोरीचे एक दार. पूर्वी खजिन्यावर पहारा असे, लाखेची मोहोर असे, दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागल्याशिवाय पेटी उघडत नसे. आता पेटी कोठे आहे हेच कोणाला माहीत नाही आणि किल्ली मात्र टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेली आढळते.

हे अतिशयोक्तीचे वाटत असेल त्यांनी तामिळनाडूत २०२० साली काय घडले ते आठवावे. योजना तीच, किसान सन्मान निधीची. साडेपाच लाखांच्या आसपास अपात्र माणसांची नावे तिच्या यादीत घुसविण्यात आली होती आणि सुमारे ११० कोटी रुपये त्यांच्या खात्यांत जमा झाले होते, हे त्या राज्याच्या कृषी खात्यानेच त्या वर्षी जाहीर केले. कोणा परदेशी टोळीने संगणकाची तटबंदी फोडली नव्हती. अधिकाऱ्यांना दिलेले लॉगिन आणि पासवर्ड दलालांच्या व खाजगी संगणक केंद्रांच्या हाती गेले होते, एवढीच गोष्ट. कोरोनाच्या टाळेबंदीत साहेब घरी आणि नावे मंजूर करण्याची घाई. त्या घाईत किल्ल्यांचा जुडगा बाजारात गेला. मागाहून अटका झाल्या, निलंबने झाली, कंत्राटी कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्यात आले. एकाच किल्लीने इतकी दारे उघडतील अशी कुलपे ज्यांनी बनविली त्यांना मात्र कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही.

तामिळनाडू दूर आहे. शेंदुरसनी दूर नाही. पोहरादेवी ज्या वाशीम जिल्ह्यात आहे त्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात हे गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास. या ग्रामपंचायतीच्या नावावर २०२५ साली सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांची नोंद झाली. डिसेंबरात हे उघड झाले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंचवीस-तीस पाळणे हलतात. येथे दिवसाला तीनशे जन्म नोंदले जात होते आणि नोंदी करणारे यंत्र मुकाट्याने प्रत्येक नोंदीला क्रमांक देत होते. ग्रामपंचायतीच्या नावाचा लॉगिन भलत्याच कोणाच्या हाती पडला होता. गावच्या चावडीत कोणालाही याचा पत्ता नव्हता.

या प्रकाराकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण सरकारी पत्रके त्या नेहमी एकत्र कालवतात. किल्ली चोरीला जाणे ही एक गोष्ट. चोरलेल्या किल्लीने किती दारे उघडतात ही दुसरी. पहिलीला एखादा निष्काळजी माणूस जबाबदार असू शकतो. दुसरीला व्यवस्थाच जबाबदार असते. एका खेड्याच्या निबंधकाला रोज किती नोंदी कराव्या लागतील याचा अंदाज कोणताही शहाणा कारकून पाच मिनिटांत बांधील. महिन्याला पन्नास नोंदींची मर्यादा घातली असती, मर्यादा ओलांडताच जिल्ह्याच्या निबंधकाकडे सूचना जाईल अशी सोय केली असती, गावाबाहेरच्या पत्त्याची नोंद दुसऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीखेरीज होऊ दिली नसती, तर किल्ली चोरीला गेली असती तरी चोराच्या हाती पन्नास नोंदींपलीकडे काही लागले नसते. यातले काहीही केलेले नव्हते. ज्याला गावाच्या विहिरीची किल्ली द्यायची त्याला धरणाच्या दरवाजांची किल्ली दिली गेली होती.

सरकारचा बहुतेक कारभार आता ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात तेथे चालतो. हा शब्दच फसवा आहे. ढग आभाळात असतो, कोणाच्या मालकीचा नसतो, सर्वांच्या शेतावर बरसतो. हा ढग मात्र जमिनीवर आहे, तटबंदीच्या इमारतीत आहे, वीज आणि पाणी पितो आणि त्याचा मालक भाडे घेतो. केंद्र सरकारने आपल्या उपक्रमाला ‘मेघराज’ असे काव्यमय नाव दिले; राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा राष्ट्रीय क्लाउड २०१४ साली सुरू झाला. ॲमेझॉन कंपनीने २०१६ साली मुंबईत आपले केंद्र उघडले. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने खात्यांची माहिती अशा सार्वजनिक क्लाउडवर नेण्याचे धोरण जाहीर केले आणि तसे करणारे पहिले राज्य म्हणून पाठ थोपटून घेतली. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला त्याच कंपनीने महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतविण्याची घोषणा केली. म्हणजे लोकांची माहिती, तिची कोठारे आणि त्या कोठारांची भाडेचिठ्ठी हा आता राज्याच्या अर्थकारणाचा मोठा भाग आहे. त्याची समज पक्षाच्या कार्यकर्त्यांना असणे ही चैन नव्हे. सहकारी साखर कारखान्याचा ताळेबंद वाचता न येणारा कार्यकर्ता जसा एके काळी अपुरा ठरे, तसाच हा विषय आहे.

या कोठारांत माणूस लॉगिनने शिरतो आणि कार्यक्रम, म्हणजे संगणकाला घालून दिलेले काम, शिरतो ‘ॲक्सेस की’ने. ही किल्ली म्हणजे अक्षरांच्या व अंकांच्या दोन ओळी: एक ओळखीची, दुसरी गुपिताची. तिला ओटीपी लागत नाही, अंगठा लागत नाही, चेहरा लागत नाही. ज्याच्याजवळ ती, तो मालक. बदलली नाही तर ती वर्षानुवर्षे चालू राहते. ती बनविणारा नोकरी सोडून गेला तरी चालू राहते. घाईत काम उरकणारा कारागीर ती कार्यक्रमाच्या मजकुरातच लिहून टाकतो, तो मजकूर सर्वांना दिसणाऱ्या जागी ठेवला जातो, आणि अशा किल्ल्या हुडकीत फिरणारी यंत्रे काही मिनिटांत ती उचलतात. ॲमेझॉनची कायमची किल्ली ठराविक चार अक्षरांनी सुरू होते, त्यामुळे शोधणाऱ्याला फारसे कष्टही पडत नाहीत.

उबर या टॅक्सी कंपनीच्या बाबतीत २०१४ साली हेच घडले आणि २०१६ साली पुन्हा घडले. दुसऱ्या वेळी ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालक यांची माहिती बाहेर गेली. कंपनीने चोरांना एक लाख डॉलर देऊन वर्षभर तोंड बंद ठेवले. चालकांच्या मजुरीतून कमिशन कापताना पैशापैशाचा हिशेब ठेवणारी ही कंपनी स्वतःच्या किल्ल्या कोठे पडल्या आहेत हे पाहत नव्हती. कोड स्पेसेस नावाच्या एका छोट्या कंपनीचा प्रकार याहून भयंकर आहे. जून २०१४ मध्ये तिच्या क्लाउड खात्याचा ताबा एका खंडणीखोराने घेतला, कंपनी खाते परत मिळवू पाहते आहे असे दिसताच एकेक करीत बहुतेक सारे पुसून टाकले, राखीव प्रतीही पुसल्या, कारण त्या प्रतीही त्याच खात्यात, त्याच किल्लीखाली ठेवल्या होत्या. कंपनी त्या आठवड्यातच बंद पडली. आणि २०१९ साली अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेतून दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली ती मुख्यतः एवढ्यामुळे, की पहाऱ्याच्या कामावर नेमलेल्या एका कार्यक्रमाला सारी कोठारे उघडून वाचण्याची मुभा दिलेली होती. पहारेकऱ्याने दाराशी बसायचे असते. त्याला कोठारातली पोती मोजण्याची गरज काय, हा प्रश्न कोणी केला नव्हता. बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला.

या क्षेत्रातील जाणकार ज्याला कमीत कमी अधिकाराचे तत्त्व म्हणतात, त्याला साध्या मराठीत ‘कामापुरती मुभा’ म्हणता येईल. ज्याला जे काम, त्याला तेवढेच दार, तेवढ्याच वेळापुरते. मूळ खात्याची किल्ली कोणत्याही कार्यक्रमाला द्यायचीच नाही. ते खाते कुलपात ठेवायचे आणि त्याला पासवर्डाखेरीज दुसरी ओळख जोडायची. प्रत्येक माणसाला स्वतःच्या नावाचे खाते, एकाच्या नावावर दहा जणांनी काम करायचे नाही. कायमच्या किल्लीऐवजी काही तासांत आपोआप निकामी होणारी किल्ली. वाचण्याची परवानगी वेगळी, लिहिण्याची वेगळी, पुसण्याची त्याहून वेगळी. कोणी कधी काय उघडले त्याची अशी नोंदवही, की उघडणाऱ्याला ती खोडता येऊ नये. यात कोणतेही गूढ शास्त्र नाही. गावच्या पतपेढीत खजिनदार आणि चिटणीस या दोघांच्या सह्यांखेरीज धनादेश वटत नाही, त्यामागचा विचार हाच आहे.

पोहरादेवीच्या यात्रेला जमणाऱ्या समाजाला तर हे सांगण्याचीही गरज नसावी. सतराव्या शतकात मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमेच्या वेळी भंगी आणि जंगी या दोन नायकांना आसफखानाने सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, अशी परंपरा वऱ्हाडासंबंधीच्या इंग्रजी अंमलातील लेखनात नोंदलेली आहे. धान्याने लादलेले त्यांचे बैल फौजेबरोबर चालत. त्यांना वाटेत लोकांच्या रांजणातील पाणी आणि छपरावरचे गवत घेण्याची मुभा होती, इतकेच नव्हे तर दिवसाला तीन खून माफ होते म्हणतात. दंतकथेतला अधिकार दंतकथेला शोभेल असाच अफाट आहे. पण तिच्यातही एक अट आहे: फौजेचे घोडे जेथे, तेथेच हा पट चालेल. मोहीम संपली की पटही संपला. सरकारी संगणकावरचे परवाने मात्र मोहीम संपून सात वर्षे झाली, अधिकाऱ्याची तीनदा बदली झाली, तो निवृत्त होऊन नातवंडे खेळवू लागला, तरी चालूच असतात. तांड्याच्या अंतर्गत कारभाराकडे पाहिले तरी नायक, कारभारी आणि डायसाणे यांच्यात कामे वाटलेली दिसतात; नायकाचा मान मोठा, पण बैठकीवाचून त्याचा एकट्याचा शब्द निवाडा होत नसे. त्या रचनेचे दोष होते, स्त्रियांना तिच्यात आवाज नव्हता, हे विसरण्याचे कारण नाही. पण सारे अधिकार एका हाती देऊ नयेत एवढे शहाणपण तिला होते.

पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्त्या जमातींवर हजेरी आणि पासाची सक्ती आणली. गाव सोडायचे तर पास, परत आले की हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कामापुरती मुभा हे तत्त्व राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? गरिबाच्या बाबतीत ते त्यांनी काटेकोरपणे पाळले आहे आणि आजही पाळतात. रेशनच्या दुकानात म्हातारीने दर महिन्याला यंत्रावर अंगठा द्यायचा. शेणामातीत झिजलेल्या रेषा उमटल्या नाहीत तर पुन्हा द्यायचा. सन्मान निधीसाठी शेतकऱ्याने ई-केवायसी करायची. लाडक्या बहिणीने पंधराशे रुपयांसाठी ई-केवायसी करायची, नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार जोडायचा, आणि विधवा असेल तर नसलेल्या नवऱ्याचे काय करायचे हे विचारीत सेवा केंद्राच्या पायऱ्या झिजवायच्या. जिच्या हातून फार तर पंधराशे रुपये इकडचे तिकडे होतील तिच्यावर इतके पहारे. आणि ज्या लॉगिनच्या एका टिचकीने पंधरा हजार नावे इकडची तिकडे होतील त्याला आठ अक्षरांचा पासवर्ड, तोही गावाच्या नावापुढे एक-दोन-तीन जोडलेला! विषमता उत्पन्नात असते, जमिनीत असते. ती संशयातही असते. सरकारचा सारा संशय खालच्या माणसावर आणि सारा विश्वास वरच्या खात्यावर.

खालचा माणूस म्हणताना ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकाला विसरून चालणार नाही. गावातील दाखले, उतारे, नोंदी, अर्ज हे सारे त्याच्या बोटांनी होते. आपले सरकार सेवा केंद्रांच्या व्यवस्थेत एका केंद्रामागे महिन्याला १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला १,४७,९७२ रुपये, ग्रामपंचायतीने आपल्या वित्त आयोगाच्या निधीतून भरायचे असत. परिचालकाच्या हाती मात्र वर्षानुवर्षे सहा-सात हजारांच्या आसपास मानधन पडत आले, तेही महिनोन्‌महिने थकून. मधली रक्कम कोठे जाते हा सवाल घेऊन हे तरुण पुन्हा पुन्हा आझाद मैदानावर बसले आहेत. सरकारी कर्मचारी म्हणून त्यांना मान्यता नाही. पण सरकारच्या साऱ्या किल्ल्या त्यांच्या हाती आहेत. कारण ग्रामसेवकाकडे तीन-चार गावांचा भार, सरपंचाला यंत्राची सवय नाही, आणि वरून दर आठवड्याला नव्या मोहिमेचे उद्दिष्ट. मग ग्रामसेवक आपला पासवर्ड परिचालकाला सांगतो, सरपंच आपले डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल त्याच्या खणात ठेवतो. वित्त आयोगाचा पैसा खर्च करताना ग्रामसेवकाने प्रस्ताव करायचा आणि सरपंचाने तो तपासून मान्य करायचा, यासाठी दोन वेगळ्या स्वाक्षऱ्या ठेवलेल्या आहेत. तत्त्व उत्तम आहे. व्यवहारात दोन्ही डोंगल एकाच खणात असतात. गावची सरपंच बाई असेल तर तिचे डोंगल पुष्कळदा तिच्या नवऱ्याच्या खिशात असते. आरक्षणाने तिला खुर्ची दिली. खुर्चीची किल्ली अजून द्यायची आहे.

अशा वेळी गैरव्यवहार उघड झाला की प्रथम परिचालक कामावरून जातो, नंतर ग्रामसेवक निलंबित होतो, आणि प्रकरण तेथेच थांबते. लॉगिनला मर्यादा न घालणारा वरिष्ठ, तसे सॉफ्टवेअर बनविणारा कंत्राटदार, ते तपासल्याशिवाय स्वीकारणारे खाते, यांच्यापर्यंत चौकशी पोहोचत नाही. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या तरुणाने पासवर्ड विकला तर तो गुन्हाच आहे. पक्षाने त्याचे समर्थन करू नये. पण ज्याला कायम नोकरी नाही, ठरलेला पगार नाही, उद्याची शाश्वती नाही, त्याच्या खणात जिल्ह्याची किल्ली ठेवणाऱ्याला निष्पाप कसे मानायचे? ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही म्हण येथे उलटी वाचावी लागते. येथे किल्ली आधी दिली जाते, चोर नंतर घडतो.

आणि भोगतो कोण? शेंदुरसनीच्या सत्तावीस हजार नोंदी रद्द होणे रास्तच आहे. पण अशा प्रत्येक प्रकरणानंतर खऱ्या नोंदीवरचा संशय वाढतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी, जन्मदाखला हा शाळाप्रवेश, वाहनपरवाना, सरकारी नोकरी अशा अनेक कामांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा एकमेव पुरावा केला. महाराष्ट्रात उशिराच्या जन्मनोंदीचा प्रश्न बांगलादेशी घुसखोरीच्या प्रचाराला जोडला गेला, जानेवारी २०२५ मध्ये असे दाखले देण्याचे काम थांबविण्यात आले आणि पुढे अटी कडक झाल्या. या प्रचाराचे लक्ष्य मुसलमान वस्त्या होत्या. पण घाव तेवढ्यांवरच पडत नाही. तांड्यातली बाई ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेली असता पालात बाळंत होते. त्या मुलाची नोंद कोणत्या गावात व्हायची? परत आल्यावर वर्ष उलटलेले असते. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून फिरत होते त्यांनी तो कोठून आणावा? या माणसाकडे आधीच कागद नाही. कोणाच्या तरी ढिल्या लॉगिनमुळे खोटे कागद बाजारात आले, की सरकार खऱ्या माणसाकडे आणखी दोन कागद मागते. किल्ली एकाने हरवायची आणि झडती दुसऱ्याने द्यायची, असा हा न्याय आहे.

२०१८ च्या जानेवारीत चंडीगडच्या ट्रिब्यून या दैनिकाच्या बातमीदार महिलेने अवघ्या ५०० रुपयांत एका दलालाकडून लॉगिन विकत घेऊन दाखविला, ज्यातून आधारधारकांची नावे, पत्ते, फोन क्रमांक पाहता येत होते. तक्रारनिवारणासाठी दिलेली शोधण्याची सोय दलालांच्या हाती गेली होती. सरकारने काय केले? आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून पोलिसांनी जो गुन्हा नोंदविला त्यात त्या बातमीदाराचेही नाव होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती नीट न राखणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, पण त्याच कायद्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा ठेवली आहे. आणि जाता जाता माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधली सार्वजनिक हिताची कसोटी काढून टाकली आहे. कोणाच्या सहीने काय झाले हे विचारण्याची नागरिकाची किल्ली अशी हळूच काढून घेतली गेली.

यावर काहीजण सुचवितात की हे सारे एका ठिकाणी, मुंबई-दिल्लीत, मोठ्या तज्ज्ञ कंपनीकडे द्यावे. खेड्यातल्या माणसाच्या हाती किल्लीच देऊ नये. ही सूचना वरवर शहाणपणाची आणि आतून घातक आहे. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या त्या ज्या समितीच्या शिफारशींवरून, तिचे अध्यक्ष पोहरादेवीच्याच परिसरातील, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. काँग्रेसच्या त्या राजवटीशी समाजवाद्यांचे भांडण जुने आणि खरे आहे. पण अधिकार खाली नेण्याचे ते काम मोलाचे होते. डॉ. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चार खांबांवर उभ्या राज्याची कल्पना मांडली ती याच्याही पुढची. त्या कल्पनेचा आजचा अर्थ असा, की गावाच्या नोंदीची किल्ली गावाकडेच हवी, पण ती गावापुरतीच हवी. शेंदुरसनीचे लॉगिन शेंदुरसनीच्या पलीकडे चालता कामा नये. तसेच मंत्रालयातल्या लॉगिनने शेंदुरसनीची नोंद गावाला न कळता पुसता येता कामा नये. पहिल्या अर्ध्याबद्दल सारे बोलतात, दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

पक्षाला या प्रश्नावर आंदोलन करता येईल का, असा प्रश्न निघेल. मोर्चाला पासवर्डाची घोषणा शोभत नाही, हे खरे. पण परिचालकांना कायम करा आणि त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाचे खाते द्या, या दोन मागण्या एकच आहेत, हे त्यांच्या संघटनेला पटवून देता येईल. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करणे म्हणजे दुसऱ्याच्या गुन्ह्याची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेणे. ग्रामसेवकांच्या संघटनेने तीन गावांचा भार नाकारताना हेच कारण पुढे केले पाहिजे. महिला सरपंचांच्या शिबिरात भाषणे कमी करून डोंगल स्वतः वापरण्याचा सराव एक दिवस ठेवला, तर तो भाषणांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

स्वतःचे घरही पाहावे लागेल. पक्षाच्या शाखा, कामगार संघटना, पतपेढ्या, शिक्षणसंस्था यांच्या सभासदयाद्या आता क्लाउडवरच आहेत. त्यांत नावे आहेत, फोन आहेत, कोण कोणत्या संपात होता याच्या नोंदी आहेत. अनेक ठिकाणी एका उत्साही तरुणाने स्वतःच्या ईमेलवर खाते उघडून सारे सुरू केलेले असते. तो नोकरीसाठी पुण्याला जातो आणि संघटनेची यादी त्याच्याबरोबर जाते. पासवर्ड कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला असतो, त्या गटातून पक्ष सोडून गेलेल्यांना काढायचे राहून गेलेले असते. ज्या मालकाशी लढायचे त्याच्या हाती ही यादी पडली तर पहिल्या दिवशी कोणाची नोकरी जाईल हे सांगायला नको. प्रत्येक जिल्हा शाखेने दोन जबाबदार माणसे नेमून मूळ खाते संस्थेच्या नावावर आणणे, त्याला दुसरी ओळख जोडणे, गेलेल्यांची खाती बंद करणे आणि यादीची एक प्रत वेगळ्या खात्यात ठेवणे, हे एका रविवारचे काम आहे.

आणि ग्रामसभा आहेच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी बहुधा गावात सभा होते, निम्म्या ठिकाणी ती रजिस्टरावरच होते. मानोरा, दिग्रस, आर्णी या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी येत्या सभेत चार प्रश्न लेखी द्यावेत: ग्रामपंचायतीच्या नावावर एकूण किती लॉगिन आहेत; ते कोणाकोणाच्या नावाने आहेत; त्यांतील बदली झालेले आणि निवृत्त झालेले किती; आणि मागच्या तीन महिन्यांत जन्माच्या किती नोंदी झाल्या. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गावातली कोणतीही सुईण तोंडी देईल. तिचा आकडा आणि यंत्राचा आकडा जुळतो की नाही, ते सभेतच पडताळून पाहावे. उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांच्या शुल्काने माहिती अधिकाराचा अर्ज पंचायत समितीत द्यावा. नोंदींची संख्या ही कोणाची वैयक्तिक माहिती नाही, ती नाकारण्याला नव्या कायद्यातही आधार सापडणार नाही.